नेटमॉन्स्टर: फोन कुठल्या सेलवर बसलाय ते दाखवतं, का बसलाय ते नाही

‘रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही’ या तक्रारीला फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्यांकडे उत्तर नसतं. किती सिग्नलला किती दांड्या, हे फोन बनवणारा आणि सिमची कंपनी आपापल्या सोयीने ठरवतात. एकाच टेबलावर, एकाच कंपनीच्या सिमचे दोन फोन ठेवले तर एकात चार आणि दुसऱ्यात दोन दांड्या दिसणं अगदी नेहमीचं आहे. खरा आकडा बघायला अँड्रॉइडवर बरीच अ‍ॅप आहेत. त्यातलं नेटमॉन्स्टर आम्हाला सर्वांत कामाचं वाटतं, पण एक अट आहे. त्यातले आकडे कसे वाचायचे आणि त्यात काय दिसत नाही, हे आधी माहीत हवं. नाहीतर ‘समोरचा टॉवर सोडून फोन लांबच्या टॉवरला चिकटतो, म्हणजे फोन खराब’ असले निष्कर्ष निघतात आणि लोक विनाकारण सिम पोर्ट करून बसतात.

अ‍ॅप मूळचं चेक प्रजासत्ताकातलं आहे आणि फुकट आहे. फोनच्या मॉडेमकडून (नेटवर्कशी बोलणाऱ्या चिपकडून) माहिती काढून तिची साफसफाई करणारा त्याचा गाभा गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर खुला आहे, आणि याच भागात त्याचं खरं बळ आहे. अँड्रॉइडमध्ये एखादं मोजमाप उपलब्ध नसेल तर तिथे २१४७४८३६४७ हा आकडा येतो. कच्ची अ‍ॅप तो तसाच छापतात आणि लोक घाबरतात. काही फोन जुनाच आकडा पुन्हा पुन्हा देतात, तर काही दुसऱ्या सिमचा सेल (टॉवरचा एका दिशेला सिग्नल देणारा भाग) पहिल्याच्या नावावर दाखवतात. नेटमॉन्स्टर यातलं बरंचसं गाळून घेतं.

लावताना एकच अडचण येते. लोकेशनची परवानगी ‘अचूक’ हवी आणि फोनचं लोकेशन चालूही हवं. सेलच्या क्रमांकावरून माणूस कुठे आहे ते काढता येतं, म्हणून अँड्रॉइडने ही अट घातली आहे. परवानगी दिली पण लोकेशन बंद ठेवलं, तर पडदा रिकामा राहतो. स्टोअरवर अशा अ‍ॅपना ‘काहीच दिसत नाही’ म्हणून एक तारा देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची गाडी इथेच अडलेली असते.

पडद्यावर आकड्यांची गर्दी असते. रोजच्या कामाला चारच पुरतात: बँड, पीसीआय, आरएसआरपी (सिग्नलचा जोर) आणि एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे ते).

बँड म्हणजे सेल कोणत्या लहरींवर चालतो ते. अ‍ॅप तो ईएआरएफसीएन नावाच्या क्रमांकावरून काढतं: १२०० ते १९४९ असेल तर बँड ३, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, २४०० ते २६४९ म्हणजे बँड ५, ८५० मेगाहर्ट्झ, ३४५० ते ३७९९ म्हणजे बँड ८, ९०० मेगाहर्ट्झ, ३८६५० ते ३९६४९ म्हणजे बँड ४०, २३०० मेगाहर्ट्झ. जिओचं फोरजी ३, ५ आणि ४० या तीन बँडवर चालतं. बँड ५ भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतो, पण त्याची पट्टी अरुंद. बँड ४० रुंद असतो, वेग देतो, पण दोन भिंतींनंतर त्याचा दम जातो.

पीसीआय हा सेलचा स्थानिक क्रमांक, फोरजीत ० ते ५०३. एका टॉवरवर साधारण तीन दिशांना तीन सेल असतात, आणि प्रत्येक बँडचे वेगळे. म्हणजे ‘टॉवर’ म्हणून आपण ज्याला एक समजतो तिथे एकाच कंपनीचे नऊ-बारा सेल असू शकतात. शिवाय खांब एक आणि त्यावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना, हे तर सर्रास. खिडकीसमोरचा टॉवर आपल्या कंपनीचा असेलच असं नाही. असला तरी त्याचा आपल्याकडे तोंड केलेला सेल असेलच असंही नाही. अगदी टॉवरच्या पायथ्याशी उभं राहिलं तर किरण डोक्यावरून जातो आणि सिग्नल दोनशे मीटरवर मिळतो त्याहून कमी भरतो.

पूर्ण ओळख हवी असेल तर सेल आयडी बघा. फोरजीत हा २८ बिटांचा आकडा असतो. त्याला २५६ ने भागलं की भागाकार टॉवरचा (म्हणजे ईएनबीचा) क्रमांक आणि बाकी सेलचा. समजा ५३७६४३६३ दिसतंय, तर टॉवर २१००१७ आणि सेल ११. अ‍ॅप हे गणित स्वतःच करतं, पण दुसऱ्या अ‍ॅपमध्ये सलग आकडा दिसला तर उपयोगी पडेल.

आरएसआरपी वाचताना जुन्या टूजीच्या सवयीने लोक फसतात. टूजीत -१०० म्हणजे कॉल तुटायची वेळ. फोरजीत -१०० म्हणजे कामचलाऊ, चिंता करण्यासारखं नाही. कारण आरएसआरपी हा पूर्ण पट्टीचा नव्हे, तर त्यातल्या एका बारीक उपवाहकावरच्या शक्तीचा आकडा आहे. २० मेगाहर्ट्झच्या पट्टीत असे १२०० उपवाहक असतात, त्यामुळे एकूण शक्ती आणि आरएसआरपी यांत सुमारे ३१ डेसिबलचा फरक पडतो. ढोबळमानाने -९० पर्यंत उत्तम, -१०५ पर्यंत ठीक, -११५ च्या खाली घरात फिरताना कॉल कापरा होतो. आणि एसएनआर २० च्या वर असेल तर मजा. ० च्या खाली गेला तर आरएसआरपी -८५ असूनही नेट रखडतं, कारण दोन सेल एकमेकांवर बोलत असतात. ‘रेंज फुल, नेट गुल’चा उलगडा पुष्कळदा या एका आकड्यात असतो. एसएनआरही चांगला आणि तरी वेग नाही, तर सेलवर गर्दी आहे. तिथे फोन हलवून काही होणार नाही.

आता अ‍ॅपमध्ये जे दिसत नाही त्याकडे येऊ.

फोन सर्वांत जवळचा सेल निवडत नाही, आणि सर्वांत जोरदार सेलही निवडेल असं नाही. तो नियमाने चालतो, आणि नियमातले आकडे सेल स्वतःच हवेतून सतत सांगत असतो: किमान किती सिग्नल असला तर मला धर, कोणत्या बँडला किती मान, किती खाली गेल्यावर शेजारी शोध. बँडांना ० ते ७ असा प्राधान्यक्रम दिलेला असतो, ७ सर्वांत वरचा. रुंद पट्टीच्या बँडला बहुतेकदा वरचा मान असतो, कारण कंपनीला गर्दी तिकडे वळवायची असते. वरच्या मानाचा बँड ठरलेल्या उंबरठ्याच्या वर आला, की खालच्या बँडचा सिग्नल त्याहून वीस डेसिबलने चांगला असला तरी फोन वरच्याकडे जातो. यात फोनचा दोष नाही. त्याला तसं सांगितलेलं आहे.

आकडे घालून बघू. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीसमोर मोकळं, स्वयंपाकघर मागच्या बाजूला. समजा सेलने किमान पातळी -१२४ सांगितली आहे, बँड ४० चा मान ६ आणि बँड ५ चा ४. बँड ४० वर चढायचा उंबरठा १२ डेसिबल, म्हणजे -११२. तिथून उतरायचा उंबरठा ८ डेसिबल, म्हणजे -११६. गॅलरीत बँड ४० चे -९४ दिसतात, हॉलमध्ये -१०४, ओट्यापाशी -११४, आणि फ्रिजमागच्या कोपऱ्यात -११७. बँड ५ सगळीकडे -९५ ते -९९. गॅलरीतून चालत ओट्याशी आलात तर फोन बँड ४० वरच असतो, कारण -११६ अजून ओलांडलेला नाही. फ्रिजपाशी गेलात की उतरतो आणि बँड ५ धरतो. तिथून परत ओट्याशी या: आता फोन बँड ५ वरच राहतो, कारण चढायला -११२ हवेत आणि इथे -११४ आहेत. तोच ओटा, तोच फोन, तोच सिग्नल. पण कुठून आलात त्यावर सेल वेगळा. पडद्यावर हे बघणाऱ्याला अ‍ॅप बिघडलंय असं वाटतं. ते बरोबरच दाखवत असतं, फक्त हे दोन उंबरठे त्याला ठाऊक नसतात, कारण अँड्रॉइड ते कुठल्याच साध्या अ‍ॅपला देत नाही.

आणखी एक खाच. खालच्या मानाच्या सेलवर सिग्नल दणकट असेल, तर फोन बॅटरी वाचवायला वरच्या मानाचे बँड सावकाश तपासतो. नियमाप्रमाणे दर ६० सेकंदांना एकदा तरी, आणि असे बँड दोन-तीन असतील तर ६० गुणिले तितके. म्हणून गॅलरीत परत आल्यावर लगेच बँड बदलला नाही म्हणून चिडू नका. फोन टेबलावर ठेवा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

एकाच बँडच्या दोन सेलमध्ये हिशेब सोपा आहे. चालू सेलच्या खात्यात काही डेसिबल जास्तीचे जमा धरतात, समजा ४. मग शेजारी सेल ४ डेसिबलहून जास्त चांगला हवा, आणि तोही ठरलेली एक-दोन सेकंद सलग. चालू सेल -१०१ आणि शेजारी -९८ असेल तर फोन हलत नाही. हा चिकटपणा मुद्दाम ठेवलेला आहे. नाहीतर पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यासरशी फोन उड्या मारत बसेल.

हे सगळं फोन निवांत असतानाचं. डेटा किंवा कॉल चालू असला की निवड फोनच्या हातात राहत नाही. फोन फक्त मोजमाप कळवतो, ‘अमुक सेल माझ्या सेलपेक्षा इतका चांगला दिसतोय’ म्हणून, आणि कुठे जायचं ते नेटवर्क ठरवतं. दोन्ही अवस्थांचे उंबरठे वेगवेगळे असतात. म्हणून चाचणी दोनदा करा. पहिल्यांदा मोबाइल डेटा बंद करून अ‍ॅप उघडं ठेवा, दोन मिनिटं थांबा आणि बँड, पीसीआय, आरएसआरपी टिपून घ्या. मग डेटा चालू करून एक मोठी फाइल उतरवायला लावा आणि तेच आकडे पुन्हा टिपा. वाय-फाय दोन्ही वेळा बंद. निवांत असताना बँड ४० आणि डाउनलोड सुरू होताच बँड ३ दिसला, तर ती नेटवर्कची करणी. डेटा बंद न करता नुसतं थांबलात तर व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप मधेच फोनला जागं करतात आणि आपण निवांत अवस्था मोजतोय असा गैरसमज होतो.

शेजारी सेलच्या यादीवर फार भिस्त ठेवू नये. तिथे पीसीआय आणि ईएआरएफसीएन एवढंच मिळतं, टॉवरचा क्रमांक नाही. कारण फोन शेजाऱ्याचा फक्त जोर मोजतो. त्याचं पूर्ण नावगाव वाचायची त्याला गरज नसते. काही फोन तर शेजारी दाखवतच नाहीत. यादी रिकामी दिसली म्हणजे आसपास दुसरा सेल नाही असं नव्हे. चालू सेल दणकट असताना फोन शेजाऱ्यांकडे बघायचंच टाळतो.

अंतराचा टीए हा आकडा मात्र गमतीचा आणि उपयोगीही. फोरजीत एक टीए म्हणजे सुमारे ७८ मीटर. १४ दिसले तर टॉवर साधारण १.१ किलोमीटरवर. डोंगराळ भागात लहर कड्यावर आपटून आली तर आकडा फुगतो. टूजीत हीच पायरी ५५० मीटरची असते. डेटा चालू असतानाचाच टीए खरा धरा. बरेच फोन नंतर शिळा आकडा धरून बसतात किंवा देतच नाहीत.

आता सगळ्यांचा लाडका उपाय, फ्लाइट मोड. चालू-बंद केल्यावर फोन निवड नव्याने करतो हे खरं, पण सुरुवात आठवणीत साठवलेल्या बँडांपासून करतो. त्यामुळे ओट्यापाशी हा उपाय करून बहुधा जुन्याच सेलवर परत याल. याचा खरा फायदा होतो तो रेंज पूर्ण गेल्यावर. कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. अशा ठिकाणी सिग्नल हरवला की फोन आधी घाईघाईने शोधतो, मग बॅटरी वाचवायला दोन शोधांमधलं अंतर वाढवत नेतो. बोगद्याबाहेर आल्यावर शेजाऱ्याचा फोन वाजतोय आणि आपला ‘सेवा नाही’ म्हणतोय, तेव्हा फ्लाइट मोड दहा सेकंद ठेवून काढा. लगेच नवा शोध सुरू होतो. आणखी एक प्रसंग: सेलने स्वतःला बंद जाहीर केलं असेल किंवा फोनला त्याची माहिती नीट वाचता आली नसेल, तर फोन तो सेल ३०० सेकंदांपर्यंत वाळीत टाकतो. पाच मिनिटांनी आपोआप सुरळीत होणारी रेंज यातली असू शकते.

मुंबई-पुणे प्रवासात अ‍ॅप उघडं ठेवलं तर नेटवर्कचा कोडही बदलताना दिसेल. दूरसंचाराच्या दृष्टीने मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा ही दोन वेगळी सर्कल आहेत. एअरटेलचा मुंबईचा कोड ४०४-९२, महाराष्ट्राचा ४०४-९०. कोड बदलताना फोन नव्या सर्कलमध्ये नोंदणी करतो, आणि तेवढ्यात क्षणभर डेटा थांबला तर तो बिघाड नाही. परदेशातून परतणाऱ्यांसाठी: तिकडे सेटिंगमध्ये हाताने कंपनी निवडली असेल, तर इथे उतरल्यावर निवड पुन्हा ‘स्वयंचलित’ करा. नाहीतर फोन तिकडचीच कंपनी शोधत बसू शकतो.

फाइव्हजीच्या बाबतीत अ‍ॅप फोनच्या चिन्हापेक्षा प्रामाणिक आहे. नॉन-स्टँडअलोन पद्धतीत फोन फोरजी सेलवरच बसतो आणि गरज पडली तर फाइव्हजी जोडीला घेतो. ‘इथे फाइव्हजीची सोय आहे’ एवढं फोरजी सेलने जाहीर केलं, की फोन निवांत असतानाही वर ‘५जी’ लिहून मोकळा होतो. नेटमॉन्स्टरमध्ये मात्र तेव्हा फक्त फोरजीचा सेल दिसतो. डाउनलोड लावल्यावरच खाली फाइव्हजीची ओळ उगवते, आणि तीही बऱ्याच फोनवर पूर्ण सेल आयडीशिवाय. जिओचं फाइव्हजी स्टँडअलोन, म्हणजे फोरजीच्या आधाराशिवाय चालणारं, असल्याने तिथे पूर्ण आयडी मिळायची शक्यता जास्त.

तक्रारी आमच्याही आहेत. बँड पक्का करायची सोय नाही. ती रूट न केलेल्या (म्हणजे सिस्टिमचे पूर्ण अधिकार न उघडलेल्या) फोनवर सहसा कुठलंच अ‍ॅप देऊ शकत नाही, पण नवा माणूस तेच शोधत येतो आणि निराश होतो. कॅरिअर अ‍ॅग्रिगेशनमध्ये (वेगासाठी एकाच वेळी अनेक सेल वापरण्याच्या पद्धतीत) जोडलेल्या सगळ्या सेलची यादी बहुतेक फोनवर मिळत नाही. दोन सिम असतील तर दुसऱ्या सिमचे आकडे मागे रेंगाळतात. मागे चालू ठेवलं तर लोकेशनमुळे बॅटरी खातं.

दुसरे पर्याय? *#*#४६३६#*#* डायल केलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चाचणीचा पडदा उघडतो, सॅमसंगवर *#००११#. अ‍ॅप न टाकता आरएसआरपी बघायला पुरेसं. ४६३६ च्या पडद्यावर ‘फक्त एलटीई’ (म्हणजे फक्त फोरजी) निवडता येतं, पण व्होल्टी (फोरजीवरून कॉल) बंद असेल तर तसं केल्यावर कॉल येणं-जाणं थांबेल, हे लक्षात ठेवा. आयफोनवर अ‍ॅपना ही माहिती मिळतच नाही. तिथे *३००१#१२३४५#* वर कॉल लावला की फील्ड टेस्ट उघडते, तेवढ्यावर भागवायचं. सेलमॅपर नकाशा दाखवतं. मात्र त्यातल्या टॉवरच्या जागा वापरणाऱ्यांच्या मोजमापांवरून काढलेल्या असतात, शहरात बऱ्या, गावाकडे विरळ. टॉवर नेमका कुठे आहे ते बघायचं तर दूरसंचार विभागाचं तरंग संचार पोर्टल जास्त भरवशाचं.

आकडे बघून बूस्टर (सिग्नल फुगवणारं यंत्र) घ्यायचा मोह होईल. परवानगीशिवाय तो लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि तांत्रिकदृष्ट्याही वाईट. बूस्टर टॉवरच्या दिशेने गोंगाट वाढवतो, आणि आजूबाजूचे फोनही त्याचा फुगवलेला सिग्नल बघून चुकीचा सेल धरतात. घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. स्वयंपाकघरातल्या कॉलचा प्रश्न फुकटात सुटतो.

आणि कंपनीकडे तक्रार करायची वेळ आली तर ‘रेंज येत नाही’ असं लिहू नका. त्यावर ‘फोन रीस्टार्ट करा’ असं उत्तर ठरलेलं आहे. या नमुन्यात लिहा: ‘रोज संध्याकाळी ७ ते १०, घरात, ईएनबी अमुक, सेल अमुक, बँड ४०, आरएसआरपी -९६, एसएनआर -२, डाउनलोड चालत नाही, सकाळी ६ वाजता त्याच जागी, त्याच सेलवर एसएनआर १४.’ सोबत दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट जोडा, पत्ता पिनकोडसह द्या आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. कॉल सेंटरवरच्या माणसाला यातलं काही कळलं नाही तरी तक्रार पुढे ज्याच्या टेबलावर जाते, त्या आरएफ (रेडिओ लहरींचं काम बघणाऱ्या) इंजिनिअरला पहिल्याच ओळीत कळतं की अँटेनाचा कल बघायचा की शेजारच्या सेलचा पीसीआय बदलायचा.